विश्लेषण : हिरवे पाणी म्हणजे जलचरांना मेजवानी?

पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या पवनेत आणि शहर व चाकण पट्ट्यामधील इंद्रायणीत सांडपाणी मिसळते. त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी आणि शेवाळ पोसते. मग शेवाळावर जगणाऱ्या जिवांची चंगळ होत असेल? तसे नाही.

हे जीव कोणते?
कोळंबीचे दूरचे नातलग असलेले सूक्ष्म कवचधारी. गोड्या पाण्यात डाफ्निया म्हणजे पाणपिसू, समुद्रात कोपेपॉड. ते शेवाळ खातात आणि माशांची पिल्ले त्यांना खातात.

अंडी कशामुळे घटतात?
अंड्यांसाठी ओमेगा-३ मेदाम्ले आणि स्टेरॉल लागतात. स्टेरॉल हे जीव स्वतः तयार करू शकत नाहीत, ते खाद्यातूनच मिळावे लागते. संथ, उबदार, सांडपाणीयुक्त पाण्यात फोफावणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळात स्टेरॉल जवळपास नसतेच. काही प्रकार विषारीही असतात. त्यामुळे पोट भरले, तरी अंडी कमी पडतात.

समुद्रात काय आढळले?
डायटम हे शेवाळ कोपेपॉडचे उत्तम खाद्य मानले जाई. मात्र काही डायटम खाल्लेल्या माद्यांची बरीच अंडी फुटत नाहीत, असे १९९९ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने दाखवले. डायटममधील अल्डिहाइड रसायनांकडे त्यात बोट दाखवले गेले. मिश्र आहारात हा परिणाम सौम्य होऊ शकतो, असे पुढील अभ्यासांतून दिसले.

मग उपाय काय?
जलपर्णी काढल्याने पाणी मोकळे दिसते, पण सांडपाणी येतच राहिले तर शेवाळाला खत मिळत राहते. सांडपाणी शुद्ध करताना नायट्रोजन-फॉस्फरसही काढले, तरच नदीतील अन्नसाखळी सावरेल.