वर्डप्रेस साफ केलं, तरी घाण परत का येते?

आज वर्डप्रेसच्या सुरक्षिततेबद्दल बोलू. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो, म्हणजे पुढचं लक्षात राहील.

बडोद्यातल्या एका छोट्या मराठी ग्रंथालयाची वेबसाइट मी सांभाळतो. एक दिवस तिथल्या काकूंचा फोन आला. "अरे, सभासद म्हणतायत, आपली साइट उघडली की जुगाराचं पान येतं. मला तर नीट दिसतेय!" मी लॅपटॉपवर उघडून बघितली, मलाही नीट दिसली. म्हटलं, "काकू, त्यांच्याच मोबाइलमध्ये काहीतरी असेल." तिथेच चुकलो. कोणी मोबाइलवरून गूगलमध्ये शोधून आलं आणि लॉगिन केलेलं नसलं, तरच ते पान उघडत होतं. घुसणारे हे मुद्दाम करतात. मालकाला जितकं उशिरा कळेल, तितका त्यांचा धंदा जास्त दिवस चालतो.

रात्री बसून थीममध्ये घुसवलेला कोड काढला, पासवर्ड बदलले, जुनाट प्लगइन अपडेट केलं. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जसंच्या तसं!

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. वर्डप्रेस 2003 साली आलं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. सर्व्हरमधलं काही न कळणाऱ्या माणसालाही आज ब्राउझरमधून प्लगइन टाकता येतं, थीम बदलता येते, अपडेट करता येतं. म्हणजे वर्डप्रेस स्वतःच्या फाइली स्वतःच लिहितं. सोय मोठीच आहे, पण जो प्रोग्राम स्वतःचा कोड लिहू शकतो, त्याच्या आत शिरलेल्यालाही तो लिहिता येतो. आणि एकदा लिहून ठेवलेली फाइल पासवर्ड बदलल्याने जात नाही. मी पुढच्या दाराचं कुलूप बदललं होतं, पण तो माणूस माळ्यावर बसलेला होता.

माळा म्हणजे अपलोड्स फोल्डर. तिथे फोटो आणि पीडीएफ असतात, वर्षा-महिन्याप्रमाणे लावलेले. 2019च्या फोल्डरमध्ये, पुस्तक प्रदर्शनाच्या फोटोंच्या गर्दीत, फोटोसारखंच नाव असलेली एक पीएचपी फाइल सापडली. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की ती चालायची आणि थीममधला कोड पुन्हा लिहायची.

तेव्हा पहिलं काम हे: अपलोड्समध्ये पीएचपी चालूच द्यायचं नाही. वर्डप्रेसला तिथे पीएचपी चालवायची गरज नसते. काही प्लगइन तिथे रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, ती चालली नाही म्हणून काही अडत नाही. सर्व्हर अपाचे असेल तर त्या फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवून पीएचपी फाइलींना मनाई करा. एनजिनएक्स मात्र एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. तिथे नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहावा लागतो, नाहीतर फाइल टाकून आपण निर्धास्त आणि आत सगळं उघडं. म्हणून तपासून बघा. एका ओळीची, फक्त 'नमस्कार' छापणारी पीएचपी फाइल तिथे ठेवा आणि ब्राउझरमधून उघडा. 403 यायला हवं. 'नमस्कार' दिसला तर नियम लागलेला नाही. तपासून झालं की फाइल काढायला विसरू नका.

आता डब्ल्यूपी-कॉन्फिग. डेटाबेसचा पासवर्ड याच फाइलमध्ये असतो, त्यामुळे तिचा बॅकअप ईमेलने वगैरे पाठवू नका. तिच्यात 'डिसअलाउ फाइल एडिट' हा कॉन्स्टंट ट्रू करा. डॅशबोर्डमधला थीम-प्लगइन एडिटर बंद होतो. कोणाचा अ‍ॅडमिन पासवर्ड चोरीला गेला, तरी एडिटरमध्ये कोड चिकटवण्याचा सोपा रस्ता राहत नाही.

त्याच फाइलमध्ये आठ लांबलचक ओळी असतात, चार की आणि चार सॉल्ट. लॉगिनच्या कुकी यांच्या आधारावर खऱ्या-खोट्या ठरतात. साइटमध्ये कोणी शिरलं होतं असं कळलं, की या आठही बदला. सगळे जण लॉगआउट होतात, तोही. मी हे पहिल्या रात्री केलंच नव्हतं.

डीबगचंही बघा. अडचण शोधताना आपण डीबग लॉग चालू करतो आणि विसरतो. तो लॉग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये साठतो आणि बहुतेक सर्व्हरवर पत्ता माहीत असलेला कोणीही तो वाचू शकतो. आवृत्ती 5.1पासून डब्ल्यूपी-डीबग-लॉगमध्ये ट्रूऐवजी फाइलचा मार्ग देता येतो. तो वेब फोल्डरच्या बाहेरचा द्या.

प्लगइनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: वापरत नाही, डीअ‍ॅक्टिव्हेट केलंय, मग काय भीती? डीअ‍ॅक्टिव्हेट केलं तरी फाइली सर्व्हरवर असतातच आणि काही फाइली थेट पत्ता टाकून चालवता येतात. 2020च्या सप्टेंबरमध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये नेमकं असंच दार सापडलं. ते 7 लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यात वापरलेल्या लायब्ररीची नमुन्यादाखल दिलेली एक फाइल चालू शकेल अशा नावाने राहून गेली होती आणि लॉगिन न करताच तिच्यातून फाइली चढवता येत होत्या. 6.9 आवृत्तीत ते बंद झालं. वापरत नसलेलं प्लगइन डिलीटच करा.

मग कोणी म्हणेल, वर्डप्रेसला फाइली लिहूच देऊ नये. त्यासाठी 'डिसअलाउ फाइल मॉड्स' आहे, पण तो लावला की अपडेटही बंद. ज्यांच्याकडे अपडेट चढवणारा डेव्हलपर रोज बसलेला आहे, त्यांनी जरूर लावावा. काकूंच्या साइटला मी लावला नाही. माझ्या मते छोट्या साइटला अपडेट थांबण्याचा धोका जास्त आहे.

टेबलचं प्रीफिक्स बदलणं, लॉगिनचा पत्ता लपवणं, हे सल्ले सगळीकडे मिळतात. नवीन साइटला करायचं तर करा. चालू साइटवर प्रीफिक्स बदलू नका. ते ऑप्शन्स आणि यूजरमेटा टेबलांतल्या काही नोंदींच्या नावातही असतं. तिथे राहिलं, तर तुम्ही स्वतःच डॅशबोर्डच्या बाहेर.

तपासणीसाठी डब्ल्यूपी-सीएलआयची व्हेरिफाय-चेकसम्स कमांड वापरा. मूळ वर्डप्रेस आणि त्याच्या भांडारातली प्लगइन यांच्या फाइलींत फरक असेल तर ती दाखवते. थीम, विकतची प्लगइन आणि अपलोड्स यांना ती हात लावत नाही, तिथे स्वतःच शोधावं लागतं.

शेवटी मी साइट नव्याने उभी केली. आधी बॅकअपवरूनच परत आणणार होतो, पण तीन महिन्यांपूर्वीच्या बॅकअपमध्येही ती पीएचपी फाइल होती! त्यामुळे जुन्यातले फक्त फोटो, पीडीएफ आणि डेटाबेस घेतले. तेही अनोळखी अ‍ॅडमिन काढून आणि पोस्टमध्ये स्क्रिप्ट घुसवली आहे का हे बघून. बाकी वर्डप्रेस, थीम, प्लगइन सगळं ताजं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला काकू स्वतःच्या मोबाइलवर, लॉगिन न करता, गूगलमध्ये ग्रंथालयाचं नाव शोधून साइट उघडतात आणि मला स्क्रीनशॉट पाठवतात.