खाजगी संग्रहातील खंजिराची विक्री

एप्रिल २००८ मध्ये लंडन येथील बॉनम्स या लिलावगृहात एक खंजीर विकला गेला. तो बेल्जियममधील एका संग्राहकाच्या खाजगी संग्रहातून आलेला होता. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत शाहजहान बादशहाच्या पदव्या आणि हिजरी १०३९, म्हणजेच इसवी सन १६२९-३०, हे वर्ष अंकित होते; सोबत राजछत्राचे चिन्ह होते. सुमारे सतरा लाख पौंड एवढी किंमत त्यास आली. हातभर लांबीही नसलेल्या पोलादाच्या तुकड्यास एवढे मोल कशामुळे येते, आणि दिल्लीतील एखाद्या जुन्या घराच्या पेटीत असा खंजीर असल्यास त्याच्या मालकास तो कसा विकता येईल, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

खंजीर हे न मिटणाऱ्या पात्याचे शस्त्र होय. पात्याच्या मागील टोकास एक निमुळती शेपटी ठेवलेली असते. ती मुठीच्या पोकळीत घालून वितळलेल्या लाखेने पक्की करीत. मूठ हस्तिदंताची, पोलादाची किंवा यशब नावाच्या हिरवट दगडाची असे. लाख उष्णतेने सैल होते, त्यामुळे मूठ व पाते वेगळे करणे कठीण नसते. एका कारागिराची मूठ आणि दुसऱ्याच काळातील पाते एकत्र आलेले खंजीर म्हणूनच पुष्कळ आढळतात. जाणकार ग्राहक प्रथम हा सांधा पाहतो.

नंतर तो पाते पाहतो. उत्तम भारतीय पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. पोलाद थिजताना त्यात कार्बनयुक्त कण ओळीने मांडले जातात, त्यांची ही खूण होय. हिराकसाच्या सौम्य द्रावणाने कारागीर ती उठावदार करीत. सोन्याच्या अक्षरांसाठी पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवीत, ही कोफ्तगिरी. आपल्याकडे दसऱ्याच्या पूजेपूर्वी जुनी शस्त्रे घासून लख्ख करण्याची हौस फार. त्या घासण्यात जौहर पुसला जातो, सोने उडते आणि विक्रीमूल्याचा मोठा भाग धुळीबरोबर निघून जातो. गंज दिसला तरी त्यास हात न लावता जाणकाराकडून तपासून घ्यावे.

तरीही कारागिरी हा मूल्याचा एकच अंश. लंडनच्या खंजिरावर मालकाचे नाव व वर्ष होते. बहुतेक खंजिरांवर ते नसते. तेव्हा जुनी पावती, वाटणीपत्र, खंजिरासह काढलेले छायाचित्र यांनाच साक्षीचे काम करावे लागते. ‘पणजोबांना दरबारातून मिळाला’ ही घरातील कथा कागदाविना किंमत वाढवीत नाही, हे वारसांना सांगणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे.

आता कायदा. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्याच्या कक्षेत येते. तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणासही करता येत नाही. उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. वस्तू पुराणवस्तू आहे की नाही असा वाद उद्भवल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो.

शस्त्र म्हणूनही खंजिराचा विचार होतो. दिल्ली प्रशासनाची १९८० ची अधिसूचना खटक्याने किंवा गरारीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटीमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटीमीटर वा अधिक रुंद पात्याच्या चाकूंविषयी आहे. न मिटणारा खंजीर त्या वर्णनात बसत नाही. परंतु शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे खंजीर नमूद आहेत. परवाना लागतो की नाही हे त्या त्या प्रदेशाच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. दिल्लीचा विक्रेता आणि गुरुग्राम किंवा नोएडाचा ग्राहक यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. म्हणून व्यवहारापूर्वी दोन्हीकडील परवाना अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

परिणाम उघड आहे. लंडनमधील तो खंजीर परदेशी संग्रहातच होता, म्हणून जगभरच्या ग्राहकांना त्यावर बोली लावता आली; दिल्लीतील त्याच्या जोडीदारास देशातलाच ग्राहक शोधावा लागतो व किंमत साहजिकच उतरते. कायद्याचा हेतू योग्य आहे यात शंका नाही. पण तुटीचा सारा भार एका कुटुंबावर पडतो, आणि या भयाने कित्येक वस्तू दाखविल्याच जात नाहीत, हेही नाकारता येत नाही. परवानाधारक व्यापाऱ्याखेरीज जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयासारख्या संस्थेस वस्तू देऊ करण्याचा मार्ग मालकास मोकळा असतो. वस्तू नोंदणीकृत असल्यास मालकी बदलताच नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळविणे बंधनकारक आहे. त्या सूचनेची एक प्रत नव्या मालकाने खंजिराच्या म्यानाबरोबरच जपून ठेवावी.