नवरीच्या लुगड्याचा काठ कुठवर?

दापोडे आज गोदामांसाठी ओळखलं जात असलं, तरी भिवंडीच्या या पट्ट्यात आगरी वस्ती जुनी आहे. भातखाचरात, मिठागरात राबणाऱ्या आगरी बाया लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसत. चिखलात लोळणारा काठ कोणाला परवडणार? आता लग्नातली नऊवारी (सुमारे सव्वाआठ मीटर) बहुधा घोट्यापर्यंत येते.

हाताने नेसताना लांबी आपल्या हातात असते. कमरेशी थोडं जास्त खोचलं की काठ वर जातो. शिवलेल्या नऊवारीत ती सोय नाही, आणि गोंधळ मापातच होतो. पाटावर उभं राहणं, होम, सप्तपदी हे सगळं अनवाणी, त्यामुळे नऊवारीचं माप अनवाणीच द्यावं. पैंजण, जोडवी दिसतील इतका काठ वर असावा. होमाजवळ लोळता घेर नकोच, फोटोग्राफर काहीही म्हणो.

स्वागत समारंभाच्या घागऱ्याचं उलटं: त्या दिवशीच्या उंच टाचांच्या चपला घालूनच माप द्यावं आणि काठ जमिनीपासून बोटभर वर ठेवावा. घागरा भाड्याचा असेल तर कापू नये; आतून दुमडून कच्ची टीप मारावी, परत करताना उसवता येते.