हत्तीचा चिमुकला नातलग

एक कोडे घालतो. आकाराने सशाएवढा, वजन दोन ते पाच किलोग्रॅम, अंगावर दाट तपकिरी केस, कान आखूड आणि शेपूट जवळजवळ नाहीच. राहतो खडकांच्या कपारीत. सांगा पाहू, याचा जवळचा नातलग कोण? ससा? घूस? नाही. उत्तर आहे हत्ती!

या प्राण्याचे नाव हायरॅक्स. आफ्रिका आणि पश्चिम आशिया हे त्याचे घर. भारतात तो आढळत नाही, त्यामुळे मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. हिब्रू भाषेत मात्र त्याला फार जुने नाव आहे, ‘शाफान’. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात त्याचा उल्लेख चार ठिकाणी येतो. त्यांपैकी एका ठिकाणी त्याला मुंगी व टोळ यांच्या पंक्तीला बसवले आहे. अंगात बळ नाही, पण खडकात घर करण्याचे शहाणपण आहे, असा त्या वचनाचा आशय आहे.

हा ग्रंथ युरोपात गेला तेव्हा मोठी पंचाईत झाली. तेथे कोणी हा प्राणी पाहिलेलाच नव्हता! इ. स. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात शाफानचा चक्क ससा झाला. शास्त्रज्ञही फसले. इ. स. १७६६ मध्ये पालास याने त्याला गिनिपिगच्या घरात घातले. पुढे क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडे तपासून दाखवले, की हा उंदराच्या कुळातला नव्हे. त्याच्या बोटांना खुरांसारखी नखे असतात. वरचे पुढचे दोन दात सुळ्यांसारखे वाढत राहतात. हत्तीचे सुळे म्हणजेही वरचे पुढचे दातच बरे का! सशाची पिल्ले महिन्याभरात जन्मतात, हायरॅक्सला मात्र सात-आठ महिने लागतात. आता जनुकांच्या अभ्यासानेही हत्तीशी असलेले त्याचे नाते पक्के झाले आहे.

तुम्ही विचाराल, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांचे येथे काय काम? तर आता खरी गंमत ऐका. हत्तीचे वजन ४,००० किलोग्रॅम आणि हायरॅक्सचे ४ किलोग्रॅम धरू. वजनात हजारपट फरक. दोघांचा आकार सारखाच आहे असे मानले, तर लांबीत दहापट आणि त्वचेच्या क्षेत्रफळात शंभरपट फरक पडेल. म्हणजे दर किलोग्रॅम वजनामागे हायरॅक्सच्या वाट्याला हत्तीच्या दहापट त्वचा येते. उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः त्वचेतूनच. म्हणून एका नातलगाची चिंता उष्णता घालवायची कशी ही, तर दुसऱ्याची राखायची कशी ही! हत्ती त्यासाठी सुपासारखे कान हलवतो. हायरॅक्स काय करतो?

सकाळी बिळातून बाहेर आला, की तो आधी खडकावर अंग पसरून उन्हात पडतो. अंग तापले की मग चरायला जातो. दुपारी ऊन भाजू लागले की पुन्हा कपारीत शिरतो. खडकातून उष्णता फार सावकाश आत जाते, म्हणून दुपारी कपार गार असते आणि रात्री उबदार. आणि थंडी पडली की सारे कुटुंब एकमेकांना खेटून बसते. याचे गणित सोपे आहे. एक सेंटिमीटर बाजूचे आठ फासे घ्या. सुटे असताना त्यांचे एकूण पृष्ठफळ ४८ चौरस सेंटिमीटर. तेच जोडून एक मोठा घन केला तर २४. उष्णता जाण्याची वाट निम्मी झाली! खडकात घर करण्याचे शहाणपण ते हेच.

आता एक मुद्दा राहिला. त्याच धर्मग्रंथात आहाराचे नियम सांगताना शाफान रवंथ करतो असे म्हटले आहे. बसल्याबसल्या तो जबडा आडवा हलवतो, हे खरेच आहे. डोंगरात गुरे राखणाऱ्या माणसाने ते नीट पाहिले होते. पण गाईप्रमाणे चार कप्प्यांचे पोट त्याला नसते. त्याच्या मोठ्या आतड्यातील पिशव्यांत राहणारे सूक्ष्मजीव चारा कुजवतात. हे बाहेरून दिसणार कसे? तेव्हा त्या जुन्या निरीक्षकाला हसू नका. भाषांतरकाराने न पाहता ससा लिहिला, पालासने रूपावरून गिनिपिग ठरवला. त्यांच्यापेक्षा तो प्राण्याच्या कितीतरी जवळ होता. पाहिले ते आणि त्यावरून काढलेले अनुमान, ही दोन वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

तर आजच सुरुवात करा. औषधाच्या पाच सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. मोठ्यांच्या मदतीने त्यांत सारखेच गरम पाणी भरा. चार बाटल्या एकमेकींना चिकटवून दोऱ्याने बांधा, एक दूर एकटी ठेवा. अर्ध्या तासाने तापमापीने पाहा. वहीत दोन रकाने आखा आणि काय दिसले ते आधी लिहा. का, ते नंतर!