नजरेसमोरची खाट

1960च्या आधी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला रुग्णालयात आणलं, की वॉर्डातली जी खाट रिकामी असेल तिच्यावर झोपवत. पुष्कळदा कोपऱ्यातली, त्याला शांतता मिळावी म्हणून. कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती, वेदनेवर मॉर्फिन, प्राणवायू. याहून फारसं काही डॉक्टरांच्या हातात नव्हतं. दाखल झालेल्यांपैकी सुमारे 30 टक्के तिथंच दगावत. त्यातले बरेच अचानक जात. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय मोडते, स्नायू नुसता थरथरत राहतो, रक्त पुढे सरकत नाही आणि मेंदूला उरतात जेमतेम चार-पाच मिनिटं. कोपऱ्यातल्या खाटेकडे तेवढ्यात कुणाचं लक्षही जात नसे.

आपण ज्याला आयसीसीयू म्हणतो, तो हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग या चार-पाच मिनिटांसाठी जन्माला आला. साधनं तोवर तयार होती. छाती न उघडता विजेचा शॉक देऊन लय ताळ्यावर आणता येते, हे पॉल झोल यांनी 1956 साली बॉस्टनमध्ये दाखवलं होतं. छातीवर तळहातांनी दाब देत रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत 1960 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून पुढे आली. तिच्यामागे विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. हे सगळं एका छताखाली आणण्याची कल्पना 1961 साली एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला.

माझ्या मते खरी क्रांती मात्र यंत्रांची नव्हती. डॉक्टर येईपर्यंत मिनिटं निघून जात, म्हणून शॉक देण्याचा अधिकार परिचारिकांना देण्यात आला. पडद्यावरची लय ओळखायची आणि स्वतः निर्णय घ्यायचा. तोवर औषधाची साधी गोळीही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय न देणाऱ्या सिस्टरच्या हाती जीव वाचवण्याचा हुकूम आला. या विभागाच्या इतिहासात तिचं नाव क्वचितच येतं, याचं मला वाईट वाटतं.

शॉकने लय सुधारली, तरी दुबळं हृदय दुबळंच राहतं. 1967 साली न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किंबल यांनी 250 रुग्णांची चार गटांत विभागणी केली. त्यासाठी लागला मुख्यतः स्टेथोस्कोप: फुप्फुसात पाणी साचल्याचा आवाज येतो का, किती वरपर्यंत येतो, रक्तदाब कोसळलाय का? पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण 6 टक्के होतं, चौथ्यात 81. ही प्रतवारी डॉक्टर आजही वापरतात.

आता गुठळी विरघळवणारी औषधं आहेत, अँजिओप्लास्टी आहे. त्यामुळे आयसीसीयूतल्या खाटांवर नुसता झटका आलेले रुग्ण कमी आणि हृदय थकलेले, सोबत मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण जास्त दिसतात. त्यांची शुश्रूषा मोजमापावर चालते. रोज सकाळी, शक्यतो लघवीनंतर आणि नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन. पोटात आणि सलाईनमधून किती गेलं, लघवीवाटे किती आलं, याचा तक्ता. लघवी वाढवणारं औषध कमी पडलं तर पाणी फुप्फुसात चढतं. जास्त झालं तर रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं कुरकुरतात, पोटॅशियम घसरतं आणि लय पुन्हा बिघडू शकते.

आपल्याकडे इथं नातेवाइकांची माया आडवी येते. शक्ती यावी म्हणून शहाळं आणलं जातं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडं कमकुवत असतील किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर तेच पाणी घातक ठरू शकतं. जेवणाला चव यावी म्हणून डब्यात लोणचं-पापड येतं, त्यातल्या मिठापाठोपाठ शरीरात पाणी साचतं. लघवीचं भांडं कुणी आपणहून, मदत म्हणून, न मोजताच रिकामं करून येतं आणि तक्त्यातला दिवसाचा हिशेब चुकतो. यात दोष नातेवाइकांचा नाही. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा पाच मिनिटं समजावून सांगितलं, तर तेच सर्वांत दक्ष पहारेकरी होतात.

घरी सोडताना कार्डावर त्या दिवसाचं वजन लिहून द्यावं आणि ते वाचूनही दाखवावं. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून वाढलं, पायांवर सूज चढली किंवा रात्री धाप लागते म्हणून उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं.