बुरसटलेले शेंगदाणे भाजून खाल्ले तर चालतात का?

“डॉक्टर, दाण्यांना थोडी बुरशी होती, पण खमंग भाजून कूट केला. चालेल ना?” याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय?
शेंगदाणे, मका, सुकी मिरची यांना ओल लागली की अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढू शकते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. उष्णतेने बुरशी मरते, पण हे विष भाजून, तळून किंवा उकळून पूर्णपणे नष्ट होत नाही.

धोका कोणता?
हे विष मुख्यतः यकृताला इजा करते. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या काही जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक लोक दगावले. अशी तीव्र विषबाधा क्वचित होते. मात्र थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.

तपासणी कशी होते?
पोत्यातल्या मोजक्याच दाण्यांत विष एकवटलेले असू शकते. त्यामुळे वरचे मूठभर दाणे तपासून भागत नाही. ठिकठिकाणचे नमुने एकत्र करून, दळून प्रयोगशाळेत तपासतात.

दुभत्या जनावरांनी बुरशी लागलेली पेंड खाल्ली, तर या विषाचा अंश दुधात उतरतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर आढळले. म्हणून घाबरून दूध बंद करू नका. खरा उपाय गोठ्यातली पेंड कोरडी ठेवणे हाच आहे.

घरी काय काळजी घ्यावी?
- दाणे गरजेपुरतेच आणा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.
- बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेकून द्या. ते जनावरांनाही घालू नका.
- दाणा कडू लागला तर गिळू नका.
- तयार कुटात खराब दाणे ओळखता येत नाहीत. शक्यतो घरीच दाणे निवडून कूट करा.
- बाळाला हिपॅटायटिस बीची लस वेळेवर द्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, भूक व वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास लगेच दाखवा. हिपॅटायटिस बी असल्यास त्रास नसला तरी यकृताची तपासणी नियमित करून घ्या.