चहा घुसळण्याची रवी

तुमच्या घरात ताक घुसळायची रवी असेलच. वीज आली, यंत्र आले, तरी ती कुठेतरी कोपऱ्यात उभी असते. आता अशी एक रवी डोळ्यांपुढे आणा, की जी लांबीला जेमतेम साडेचार इंच, वजनाला पिसासारखी हलकी, आणि तिला बारीक बारीक एकशेसाठ काड्या. या साऱ्या काड्या बांबूच्या एकाच कांड्यातून चिरून काढलेल्या. कुठे खिळा नाही की डिंक नाही. जपानात हिला चासेन म्हणतात, आणि तिने चहा घुसळतात.

चहा घुसळतात म्हटल्यावर आपल्याला हसू येईल. पण जपानी चहाविधीतला चहा उकळून गाळलेला नसतो. चहाची कोवळी पाने वाफवून, वाळवून, जात्यात पिठासारखी दळतात. ते हिरवे पीठ दोन चिमट्या वाडग्यात घ्यायचे, वर गरम पाणी ओतायचे आणि पीठासकट प्यायचे. पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसते ढवळले तर गोळ्या राहतात. म्हणून ते घुसळून फेस आणावा लागतो. इतर भांड्यांवाचून एखादे वेळी निभेल, चासेनवाचून चहाच होत नाही.

ही चासेन बनते मुख्यतः एकाच गावात. नारा प्रांतात, इकोमा शहराच्या हद्दीत ताकायामा नावाचे गाव आहे. जपानात तयार होणाऱ्या शंभर चासेनपैकी नव्वदाहून अधिक याच गावच्या. गावकरी सांगतात की पाचशे वर्षांपूर्वी मुराता जुको नावाच्या चहाच्या आचार्याने चहा घुसळायला काहीतरी करून द्या अशी विनंती केली, आणि गावच्या सरदाराच्या दुसऱ्या मुलाने ही वस्तू घडवली. पुढे ही विद्या घरातल्या एकाच वारसाला द्यायची असा दंडक पडला. दुसऱ्या मुलाने पाहू नये, शेजाऱ्याने पाहू नये, म्हणून काम रात्री दारे लावून चाले. विसाव्या शतकात हात कमी पडू लागले तेव्हा कुठे ही गाठ सैल झाली. १९७५ साली जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

बांबूपासून सुरुवात करू, कारण निम्मे काम तिथेच आहे. चासेनला बहुतेक हाचिकु जातीचा बांबू लागतो, कारण तो सरळ आणि बारीक चिरला जातो. तीन वर्षांची काठी निवडतात. कोवळी काठी मऊ पडते, जून काठी ताठर होते. तोड थंडीतच होते. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो हे आपल्या बुरडांना सांगावे लागत नाही, तेही हेच जाणतात. तोडलेल्या काठ्या उकळत्या पाण्यात घालून त्यांचे तेल काढतात आणि ऐन थंडीत, भात निघालेल्या रिकाम्या खाचरांत, कोपीसारख्या एकमेकींना टेकवून उन्हात उभ्या करतात. हिरवी काठी हळूहळू पांढरट होते. एवढ्यावरही घाई नाही. नंतर ती कोठारात वर्ष-दोन वर्षे मुरवत ठेवतात.

काही चासेन काळपट तपकिरी रंगाच्या असतात. तो रंग लावलेला नसतो. जुन्या गवती छपराच्या घरात चुलीचा धूर शंभर-दीडशे वर्षे खाल्लेला तो बांबू असतो. आपल्याकडे जुने घर पाडताना आढ्याखालून असे काळे बांबू निघतात आणि आपण ते सरपणात घालतो. तिथे गवती घरेच उरली नाहीत, म्हणून या बांबूला मोल आले.

आता घडण पाहा. कांड्याची गाठ मुठीत राहील असा तुकडा कापतात. वरच्या अर्ध्या भागाची साल पातळ तासून त्याचे सोळा भाग चिरतात. एकेक भाग बाहेर वाकवून आतला गर काढून टाकतात, फक्त पाठीकडची चिवट बाजू ठेवतात. मग प्रत्येक भागाच्या दहा काड्या करतात, एक जाड, एक बारीक. सोळा दाहे एकशेसाठ. चाकू मुठीकडे किंचित जादा गेला की सारे कांडे वाया.

त्यानंतरच्या पायरीचे नावच ‘चव तासणे’ असे आहे. टोके गरम पाण्यात भिजवून, काड्या लाकडी ठोकळ्यावर आडव्या धरून, बुडाकडून टोकाकडे पातळ करत नेतात. टोके कागदाइतकी पातळ होतात, आणि मग ती आतल्या बाजूला गोल वळवतात. टोक जाड राहिले तर फेस भरड येतो, फार पातळ झाले तर चार दिवसांत मोडते. चहाची चव इथे ठरते, असे कारागीर मानतात, आणि ते मला पटते. आपल्याकडे जात्याची टाकी बिघडली की भाकरीची चव बिघडते ना, तसेच.

पुढे बाहेरच्या काड्यांच्या कडा घासतात, म्हणजे चहा चिकटत नाही. मग दोऱ्याने जाड काड्या बाहेर आणि बारीक आत अशा दोन फेऱ्या विणून घेतात. हे विणकाम पुष्कळदा घरातल्या बायका करतात.

इतके करूनही चासेन टिकाऊ वस्तू नव्हे. टोके झिजतात, मोडतात. मोठ्या चहाविधीला तर ती नवीच लागते. जुन्या झालेल्या चासेन काही देवळांत गोळा करून, मंत्र म्हणून, अग्नीला देतात.

काम करणारी घरे आता थोडी उरली आहेत. चीनमधून स्वस्त चासेन येते. दिसायला तशीच, पण भाव बराच कमी. हिरव्या चहाचे वेड जगभर वाढले, गिऱ्हाईक वाढले, पण तासणारे हात तेवढे वाढले नाहीत.

आणि आता बांबूच हटून बसला आहे. हाचिकुला सुमारे १२० वर्षांनी एकदा फुलोरा येतो. मागचा फुलोरा १९०८ च्या सुमाराचा. हिशोबाने २०२८ च्या आसपास यायचा, पण काही बने आधीच फुलली. २०२० साली फुललेल्या एका बनाची हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली. दहांतल्या आठ काठ्या फुलल्या, पण रुजण्याजोगे बी एकही मिळाले नाही. पुढच्या तीन वर्षांत जुन्या काठ्या वाळल्या आणि त्या जागी नव्या काठ्या उभ्या राहिल्या नाहीत. बांबू फुलला की बेट जाते, हे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगतातच.

१९०८ नंतर बने पुन्हा उठली, नाहीतर आज तोडायला काही राहिलेच नसते. पण फुलोऱ्यानंतर बन पुन्हा भरायला बरीच वर्षे जातात, आणि त्यानंतर काठी तीन वर्षांची व्हावी लागते. तोपर्यंत कारागिरांना कोठारातल्या वाळलेल्या काठ्यांवर आणि जी बने अजून फुललेली नाहीत त्यांवर भागवायचे आहे.